उजव्या टाचेची झीज

२ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र पोचलं. फोन करू नकोस म्हणालो त्याचा राग मानू नकोस. फोनवर मला तुझं ‘हॅलो’ तेवढं ऐकू येतं, पुढचं सगळं विहिरीतून आल्यासारखं. मी नुसता ‘हो हो’ करत राहतो आणि कशाला हो म्हणालो या काळजीत आठवडा जातो. कागद दहा वेळा वाचता येतो. चौथी शिकलेल्या माणसाला तेच बरं.

मी ठीक आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना बोंबलतो. गॅस पुन्हा महागला, म्हणून चहा एकदाच करून थर्मासात ठेवतो. भत्ता वेळेवर आला आणि तसाच खोलीच्या भाड्यात गेला. तो आला की मला महिनाभर झोप लागते, कारण तो आहे म्हणून ही खोली आहे. त्याचं ‘एकट्या वृद्धांचा भत्ता’ हे नाव मात्र कानाला टोचतं. एकटा आहे हे मला ठाऊक आहे, दर महिन्याला कागदावर लिहून कशाला सांगायचं?

आता एक गंमत. समोरच्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी एक निवृत्त बस कंडक्टर राहायला आले. माणूस चांगला, पण तिकिटं संपली तरी तोंड चालूच. परवा म्हणाले, “काका, हल्ली चोर आधी दारातल्या चपला मोजतात. एकच जोड दिसला की समजायचं, म्हातारा एकटा सापडला.” झालं! माझी झोप उडाली.

मग मला तुझ्या चपला आठवल्या. तू जाण्याआधी मी आतून नवं अस्तर आणि खाली नवे सोल लावले होते त्या. तू प्रवासाला बूट घातलेस आणि त्या इथेच राहिल्या. मी त्या दाराबाहेर माझ्या जोडाशेजारी ठेवल्या. पण नवे कोरे सोल पाहून चोर काय समजेल? चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवले, एवढं मला कळतं. म्हणून रोज सकाळी त्या हातात घालतो आणि गॅलरीच्या फरशीवर घासतो. सकाळी तोंड जिन्याकडे, संध्याकाळी दाराकडे. आता खुद्द कंडक्टर विचारतात, “सूनबाई आल्या वाटतं? दिसत नाहीत कधी.” मी म्हणालो, “येऊन जाऊन असते, पाळीचं काम आहे.”

चोराची काय बिशाद!

पोटभर जेवत जा.

तुझे मामंजी


९ फेब्रुवारी

ती. मामंजी,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की आमची मुकादमीण म्हणाली, “हिला कुणी लग्नाचं विचारलं की काय?” मी सांगितलं, माझे सासरे माझ्या चपला हातात घालून चालतात. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

इथे फळांचा हंगाम संपत आलाय. पट्ट्यावरून येणारी फळं आता बारकी, डागाळलेली. चांगली एकीकडे, मार लागलेली दुसरीकडे, आठ तास हेच. शीतगृहातून बाहेर आलं की बोटं आपली वाटत नाहीत. हातमोजे मिळतात, पण ते घातले की फळाचा मऊ डाग कळत नाही आणि डाग सुटला की पेटी परत. म्हणून सगळ्याजणी उजव्या हाताचा मोजा काढून ठेवतात. तुम्ही काळजी करू नका, मी मलम लावते.

मामंजी, एक विचारायचं होतं. १९ मार्चला आमचं वसतिगृह बंद होतंय, दुरुस्ती आणि फवारणीसाठी. २ मेला उघडेल. खोलीतल्या आठहीजणींना सामान घेऊन निघायचंय. तुम्हाला अडचण होणार नसेल तर मी सहा आठवडे तिकडे येऊ का? खाली गोधडी टाकून झोपेन. जिना मी चढेन, तुम्ही बसून राहा. मोकळेपणाने सांगा.

तीन वर्षांत घर पाहिलं नाही. ते वारल्यावर पंधराव्या दिवशी मी कामाला निघाले ती निघालेच. 

चपला झिजवून टाकू नका हं, मला घालायच्या आहेत.

तुमची सून


१६ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

पत्र मिळालं. येण्याचं म्हणतेस ते आत्ता जमण्यासारखं नाही. खोलीला रंग काढायचा आहे. रंगाचा वास बाधतो. शिवाय खोली लहान, दोन माणसांना अडचण होते हे तुलाही माहीत आहे. तुझ्या तिथल्या बाया कुठेतरी सोय करतीलच, त्यांच्याबरोबर राहा.

काही पाठवूही नकोस. पार्सल तर मुळीच नको.

तुझ्या चपला दारातून काढून ट्रंकेत ठेवल्या आहेत.

बाकी ठीक.

मामंजी


२२ फेब्रुवारी

ती. मामंजींना नमस्कार.

तुमचं म्हणणं समजलं. रंगाच्या वासात तुम्हीही झोपू नका, खिडकी उघडी ठेवा.

माझी सोय झाली आहे. पेट्या ठोकणारी एक ओळखीची बाई आहे, तिच्याकडे एक खाट रिकामी आहे. त्यामुळे तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी विचारायलाच नको होतं. खोली तुमची, मुलगा तुमचा, मी बाहेरची. मधला दुवा निखळला की दोन्हीकडच्या कड्या मोकळ्या. यात कुणाची चूक नाही.

चपला ट्रंकेत जागा अडवत असतील तर खालच्या शिवणवालीला द्या. तिच्या मापाच्या आहेत.

औषध वेळेवर घ्या.

आपली,
सून


२७ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा चष्मा पुसावा लागला. ‘तुमची’ लिहायचीस, ‘आपली’ लिहिलंस. मी गाढव आहे. रंगबिंग काही नाही. या खोलीला रंग तुझ्या लग्नात लागला तो शेवटचा.

आता सगळं खरं सांगतो.

तुझं पत्र वाटेत होतं तेव्हा, ११ तारखेला, भत्ता कार्यालयातून एक तरुण तपासायला आला. वर्षातून एकदा येतात. मी तेव्हा खाली दुकानात बटाटे घ्यायला गेलो होतो. त्याने दाराशी दोन जोड पाहिले. बायकांच्या चपला, सोल झिजलेले, त्यावर ताजी धूळ. त्याने कंडक्टरांना विचारलं. कंडक्टर मदतीला तत्पर! म्हणाले, “हो हो, काकांची सून असते ना! पाळीवर जाते बिचारी.” मी धापा टाकत वर पोचलो तोवर त्याने लिहून घेतलं होतं : ‘कमावती व्यक्ती सोबत राहते.’

मी सांगू लागलो, चपला चोरांसाठी आहेत. तो म्हणाला, “चोर चपला घालतात?” मी म्हणालो, नाही, मीच घालतो, हातात. यावर तो माझ्याकडे कसा बघत होता ते तुला सांगून उपयोग नाही.

भत्ता अडकला. लोक भत्त्यासाठी कचेरीत जोडे झिजवतात, मी घरबसल्या हाताने झिजवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. १० मार्चला मोठ्या तपासनीस बाई येणार आहेत. त्या ठरवतील ते शेवटचं. भत्ता गेला तर भाडं गेलं आणि भाडं गेलं तर खोली.

आणि नेमकं तेव्हाच तुझं पत्र, की मी येऊ का! मला घाम फुटला. वाटलं, ही आली आणि त्यांनी पाहिलं तर पुरावाच घरात बसलेला. तुझं पार्सल आलं तरी त्यावर तुझं नाव असणार. पत्रं उघडून वाचत असतील अशीही शंका आली, म्हणून तसं कोरडं लिहिलं. खरं कळवलं असतं तर तू आणखी पाळ्या घेतल्या असत्यास, मोजा काढून, त्याच थंडीत. म्हणून ती थाप मारली.

आज मात्र ठरवलं. भत्ता राहो नाहीतर जावो, तू ये. ज्या खोलीत तुला येता येत नाही ती राखून मी काय करू? त्यात बसून एकटेपणाचा दाखला घेत राहू? भत्ता गेला तर आपण दोघं कुठेतरी लहान जागा बघू. मी अजून सोल चिकटवू शकतो, डोळे अधू झाले तरी बोटांना आठवतं.

चपला शिवणवालीला दिल्या नाहीत. देणारही नाही.

आणि पुन्हा ‘बाहेरची’ म्हणालीस तर याद राख.

तुझे मामंजी


४ मार्च

मामंजी,

तुम्ही ना! काय बोलावं! मी इथे दहा दिवस उशीत तोंड खुपसून, आणि तुम्ही तिथे चपला ट्रंकेत लपवून. दोघांनाही एकदा कुणीतरी चांगलं खडसावायला हवं.

मीही खोटं लिहिलं. पेट्या ठोकणारी बाई आहे, पण तिच्याकडे खाट नाही. ती स्वतः बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपते. बाकीच्या सातजणींची सोय झाली, माझी नाही. एकोणीस तारखेला काय करायचं याचा विचार मी अठरापर्यंत पुढे ढकलला होता.

आता माझं ऐका. पत्र दहाच्या आत पोचावं म्हणून आजच टाकतेय.

चपला लपवू नका. लपवलेल्या सापडल्या तर चोर नसून चोर ठराल. उलट त्या बाईंच्या पुढ्यात ठेवा आणि उलट्या करून दाखवा.

तुम्हाला आठवतं का, मला पाहायला आलात तेव्हा सगळे माझं तोंड बघत होते आणि तुम्ही दारातल्या माझ्या चपला? माझ्या आईला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. घरी जाताना तुम्ही म्हणालात, “मुलगी चांगली आहे. उजवी टाच बाहेरून झिजते, म्हणजे पाय उचलून भराभर चालणारी. आळशी माणसाचा सोल पुढून झिजतो.” हे म्हणे तुमचं पसंतीचं कारण! ते मला लग्नानंतर किती वर्षं चिडवायचे, “माझ्या बापाने टाच पसंत केली, बाकीची बायको मी फुकट आणली.”

मामंजी, तुम्ही घासलेल्या सोलवर माझी टाच आहे का? हाताला टाच नसते.

आणि त्याच चपलांचे जुने सोल तुम्ही काढलेत ते फेकले नसतील. तुम्ही काही फेकत नाही. खिळ्यांच्या डब्याखाली बघा.

घाबरून एकदम बोलू नका. आधी पाणी प्या, मग बोला.

तुमची (आता बघा, नीट लिहिलंय)
सून


१० मार्च

पोरी,

पाणी प्यालो. दोन तांबे.

तुझं पत्र काल आलं. मी चाळीस वर्षं ज्याची भाकरी खाल्ली ते मलाच सुचलं नाही आणि तुला सुचलं. भीतीने माणसाची अक्कल आधी जाते, मग झोप. सोल खिळ्यांच्या डब्याखालीच होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

बाई अकराला आल्या. पन्नाशीच्या, डाव्या खांद्याला फायलींची ही मोठी पिशवी. तीन मजले चढून दम लागला होता. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. खुर्ची दिली, स्वतः पाणी प्यालो, मग लक्षात आलं की पाणी त्यांना द्यायचं होतं. हसल्या.

म्हणाल्या, “काका, चपला कुणाच्या?”

मी म्हणालो, “सुनेच्या. पण सून दूर असते, फळं निवडायला. या चपला तीन वर्षांत तिच्या पायात गेलेल्या नाहीत. आणि हे मी सांगत नाही, चपलाच सांगतील.”

मग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. एका बाजूला जुने सोल ठेवले, एका बाजूला चपला उलट्या करून. एकदा हातात सोल आला की माझी जीभ मोकळी होते. म्हटलं, “हे बघा बाई, हा चालणाऱ्या माणसाचा सोल. उजवी टाच बाहेरून कागदाएवढी राहिलीय, डावी अजून शाबूत. अंगठ्याखाली खळगा. आता हा दुसरा. दोन्ही सारखे, आणि झीज कुठे? मधोमध! जिथे माणसाचं पाऊल जमिनीला टेकतच नाही तिथे. तिथे माझा तळहात दाबतो. आणि हे आतलं नवं अस्तर बघा. पायाच्या बोटांचा एकही ठसा नाही. या चपलेत पाय गेलेला नाही, या चपलेने नुसती फरशी पुसलीय.”

बाईंनी चष्मा वर केला, चप्पल हातात घेतली, बोट फिरवलं. मग विचारलं, “पण घासलीत कशाला?”

कंडक्टर दारातच उभे होते. ते मान खाली घालून म्हणाले, “बाई, चूक माझी. चोरांचं मी सांगितलं, आणि चपला बघून फसलोही मीच.”

त्यावर बाई अशा हसल्या की पिशवी खांद्यावरून घसरली. म्हणाल्या, “चोर राहिले बाजूला. एका दगडात शेजारीही फसला आणि आमचं खातंही!”

मी धीर करून म्हणालो, “बाई, राग मानू नका, तुमचा डावा बूट आतून दबलाय. पिशवी त्या खांद्याला घेता ना? कंबर दुखेल.” त्यांनी कंबरेवर हात ठेवला. म्हणाल्या, “दुखतेच हो. बारा वर्षं.” मी बुटात घालायला चामड्याची एक चकती कापून दिली. लाच नको म्हणाल्या. मी म्हणालो, ही लाच नाही, टाकाऊ तुकडा आहे. घेतली.

भत्ता चालू राहिला, पोरी! त्यांनी माझ्यासमोर लिहिलं : ‘दारातील दुसरा जोड वापरात नाही.’ मला वाचून दाखवलं. मी पुन्हा वाचायला सांगितलं. अडकलेला महिनाही मिळेल.

आता खरी गोष्ट ऐक. त्या जायला निघाल्या तेव्हा मी विचारलंच. म्हटलं, “बाई, सून सहा आठवडे येऊन राहिली तर?” त्या म्हणाल्या, “पाहुणा ठेवायला कुणी बंदी घातलीय? वर्षाला साठ दिवसांपर्यंत कुणीही राहू शकतं. त्याच्या पुढे गेलं तर कळवायचं. हा घ्या पाहुण्यांचा तक्ता, आली की खूण करा, गेली की थांबा.” नियम अर्जाच्या मागच्या पानावर छापलेला आहे म्हणे. तीन वर्षं मी तो अर्ज भरतोय आणि मागचं पान उलटलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे सोल उलटून पाहिले, स्वतःचा कागद नाही.

तू केव्हा निघतेस? कुठल्या गाडीने? जिन्यातला दिवा गेलाय, कंडक्टर बदलतो म्हणाले आहेत. गोधडी उन्हात टाकली आहे. तू खाटेवर झोपायचं, मी खाली. वाद नको.

मामंजी


१५ मार्च

मामंजी,

पत्र पट्ट्याजवळ उभ्याउभ्याच वाचलं. मुकादमीण ओरडली, “फळं चाललीत पुढे!” मी म्हटलं, जाऊ दे, आज एक पेटी परत आली तरी चालेल. मग तिलाही वाचून दाखवलं. आता इथल्या साऱ्याजणी आपापल्या बुटांचे तळ बघत बसल्यात आणि मला विचारताहेत, माझा सोल काय सांगतो? मी म्हटलं, फी लागेल.

१९ ला दुपारी निघते, २० ला सकाळी पोचते. खाटेवर तुम्हीच झोपायचं. वाद मी येऊन घालेन.

चपला दाराशी ठेवा. तोंड घराकडे करून.

तुमची सून


५ मे

सूनबाई,

पोचल्याचं पत्र मिळालं. वसतिगृहाला नवा रंग दिलाय हे वाचून हसू आलं. खरा रंग तिकडे लागला तर! हातमोजे घाल. मी उजव्या मोज्याच्या बोटांना लावायला मऊ चामड्याच्या टोप्या केल्या आहेत, पातळ, फळाचा डाग कळेल एवढ्या. पार्सल करतो. पार्सलाची आता मला भीती नाही.

तू गेल्यावर दोन दिवस खोली फार मोठी वाटली. कंडक्टर रोज संध्याकाळी येऊन बसतात. चोरांचा विषय त्यांनी सोडला आहे, आता भूकंपाचा धरलाय. म्हणे एकदा हादरा बसला की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस सापडतच नाही. तर कालपासून मी चप्पल उशाशी ठेवतो.

तुझ्या चपला तू पुन्हा इथेच ठेवून गेलीस. मला वाटलं विसरलीस. मग उलट्या केल्या. उजवी टाच बाहेरून झिजायला लागली आहे. हळूच, पण नक्की. बेचाळीस दिवसांची झीज. मी त्यावर हात फिरवला आणि तशाच दाराशी ठेवल्या. आता मी घासत नाही. घासली तर ती पुसून जाईल.

कालच भत्ता कार्यालयात पाहुण्यांचा तक्ता दाखवून आलो. तपासनीस बाई होत्या. पिशवी आता उजव्या खांद्याला. त्यांनी माझ्या खुणा मोजल्या, मीही मोजल्या, दोघांच्या बेचाळीस भरल्या.

म्हणजे या वर्षातले अठरा दिवस तुझे अजून शिल्लक आहेत. तक्त्यात कोरे चौकोन बघवत नाहीत मला. उधळ्या माणसासारखे वाया घालवू नकोस.

तुझे मामंजी